स्टार्टर मोटर : आधी निदान, मग बदल

‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ ही म्हण यंत्रदुरुस्तीच्या क्षेत्रात जितक्या वेळा खरी ठरते, तितकी अन्यत्र क्वचितच ठरत असेल. वाहनाचे बटण दाबले आणि इंजिन फिरले नाही, की ‘सेल्फ गेला’ असा निर्वाळा देऊन मोकळे होण्याची प्रथा सर्वत्र आढळते. मग नवी स्टार्टर मोटर मागविली जाते, बसविली जाते आणि बटण दाबताच पुन्हा तोच अनुभव येतो. कारण दोष मोटरीत नव्हताच. तो बॅटरीच्या टोकावर साचलेल्या क्षारात होता, किंवा चौकटीला जोडलेल्या अर्थिंगच्या एका ढिल्या बोल्टात होता. पैसा खर्च झाला, दिवस गेले आणि वाहन मात्र जागच्या जागी राहिले.

सार्वजनिक मालकीच्या वाहनाच्या बाबतीत हे नुकसान अधिकच जाणवते. सुटा भाग मिळवावयाचा म्हणजे मागणीपत्र, दरपत्रके, मंजुरी आणि पुरवठा हे सारे टप्पे आले. चुकीचा भाग मागविला गेला तर हे चक्र दुसऱ्यांदा फिरवावे लागते. तोवर पावसाळा सुरू झालेला असतो, आणि ज्या प्रसंगासाठी वाहन ठेवलेले असते तो प्रसंग मंजुरीची वाट पाहत थांबत नाही. म्हणून वाहनांची देखभाल करणारे चालक, फिटर आणि भांडारप्रमुख यांच्यासाठी एटीव्ही या वाहनाचे उदाहरण घेऊन स्टार्टर मोटरीचे कार्य, तिचे दोष ओळखण्याची रीत आणि ती बदलण्याची पद्धत यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

वाहन आणि त्याची अडचण

एटीव्ही म्हणजे वाळू, चिखल, खडक, गवत अशा कोणत्याही भूमीवर चालू शकणारे लहान वाहन. हँडल आणि बैठक मोटारसायकलीसारखी, आणि कमी दाबाची हवा भरलेले रुंद टायर ही त्याची ओळख. जपानच्या होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेच्या बाजारात तीन चाकांचे असे वाहन आणले. सुझुकी कंपनीने १९८२ च्या सुमारास चार चाकांचे वाहन तयार केले. तीनचाकी वाहन कलंडून होणाऱ्या अपघातांमुळे अमेरिकेत १९८८ पासून नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि चारचाकी हेच या वाहनाचे प्रचलित रूप ठरले.

जेथे रस्ता संपतो तेथून या वाहनाचे काम सुरू होते. साहजिकच ते बंद पडले तर जवळ गॅरेज नसते. त्यातच आणखी एक अडचण असते. मोटारसायकल बंद पडली तर ती धक्का मारून सुरू करता येते. परंतु आजच्या बहुसंख्य एटीव्हींमध्ये पट्टा आणि कप्पी यांच्यावर चालणारी स्वयंचलित गतिरचना असते. इंजिन थांबलेले असताना पट्टा कप्पीवर सैल असतो. त्यामुळे चाके कितीही ढकलली तरी इंजिन फिरत नाही. जुन्या वाहनांवर हाताने ओढावयाची दोरी किंवा पायाने मारावयाची किक असे, तीही अनेक नव्या वाहनांवर राहिलेली नाही. अशा वाहनाला स्टार्टर मोटर हाच एकमेव आधार उरतो.

स्टार्टरचा जन्म आणि त्याचा स्वभाव

मोटारीच्या प्रारंभीच्या काळात इंजिन सुरू करण्यासाठी पुढील बाजूस लोखंडी दांडा घालून तो हाताने फिरवावा लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, की दांडा फिरविणाऱ्याचे मनगट मोडे. या संकटातून मुक्तता करणारा विजेचा स्टार्टर अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९११ मध्ये सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर तो बसविण्यात आला.

केटरिंगची मूळ कल्पना समजून घेण्यासारखी आहे. तत्पूर्वी त्याने दुकानांतील रोकड नोंदविणाऱ्या यंत्राला विजेची मोटर बसविली होती. या कामातून त्याच्या ध्यानात आले होते, की मोटर थोडाच वेळ चालवावयाची असेल तर तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळच अधिक भार तिच्यावर टाकता येतो. इंजिन सुरू करण्याचे कामही दोन-तीन सेकंदांचेच. तेव्हा प्रचंड मोटर नको, लहान मोटर पुरे. मात्र तिला क्षणभर भरपूर वीज द्यावी, हे त्याचे सूत्र होते.

स्टार्टर मोटरीचा सारा स्वभाव या सूत्रात सामावलेला आहे. ती अल्पकाळ श्रम करण्यासाठीच जन्मली आहे. बटण एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये मोटरीला थंड होण्यास अवसर द्यावा, ही सूचना त्यातूनच येते. मोटरीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. सुरू न होणाऱ्या इंजिनावर सलग अर्धा मिनिट सेल्फ मारणारा चालक वेष्टनाचे इन्सुलेशन आपल्या हाताने भाजून काढीत असतो.

विजेची वाट

दोष शोधावयाचा तर विजेची वाट प्रथम माहीत हवी. या वाटा दोन आहेत. पहिली वाट मोठ्या प्रवाहाची. बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबल रिलेकडे जाते, रिलेपासून दुसरी जाड केबल मोटरीकडे जाते. मोटरीतून निघालेली वीज मोटरीच्या धातूच्या अंगातून इंजिनात आणि तेथून अर्थिंगच्या केबलने बॅटरीच्या ऋण टोकाला परत येते. परतीची ही वाट डोळ्यांना ठळक दिसत नाही, म्हणूनच तपासणीत ती हमखास विसरली जाते.

दुसरी वाट लहान प्रवाहाची. चावीचा स्विच, फ्यूज, हँडलवरील इंजिन बंद करण्याचा स्विच, गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची किंवा ब्रेक दाबल्याची खूण देणारा सुरक्षा स्विच आणि शेवटी स्टार्टरचे बटण अशी ती जाते. रचना कंपनीपरत्वे थोडीफार बदलते. हेतू एकच, की बोटाने दाबलेल्या लहानशा बटणातून मोठा प्रवाह जाऊ नये. बटणाचा लहान प्रवाह रिलेतील चुंबक जागा करतो आणि चुंबक मोठ्या वाटेचे दार बंद-उघड करतो. त्या वेळी ‘कट्’ असा आवाज होतो.

कानाने करावयाची परीक्षा

हत्याराला हात लावण्यापूर्वी बटण दाबून नीट ऐकावे. आवाज बरेच काही सांगतो.

आवाज मुळीच झाला नाही, तर दोष बहुधा लहान वाटेत आहे. फ्यूज उडाला असेल, बंद करण्याचा स्विच चुकून दाबलेला असेल, गाडी गिअरमध्ये असेल. दिवेही लागत नसतील तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचे टोक सुटले आहे.

‘कट्-कट्-कट्’ असा जलद आवाज आला तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांचा संपर्क ढिला आहे, असे समजावे. रिले जुळताच मोटर प्रवाह खेचते, व्होल्टेज कोसळते, चुंबक निर्बळ होऊन रिले सुटते. सुटताच व्होल्टेज पुन्हा चढते आणि रिले पुन्हा जुळते. हीच पुनरावृत्ती कानावर पडते.

‘कट्’ असा एकच आवाज होऊन सारे शांत झाले, तर रिलेचे आतील संपर्क जळलेले असणे, मोठ्या वाटेत अडथळा असणे, मोटर निकामी होणे किंवा इंजिनच अडकणे यांपैकी काहीही असू शकते. येथे कानाचे काम संपते आणि मीटरचे सुरू होते.

मोटर भरभर फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, तर मोटर निर्दोष आहे. मोटर आणि इंजिन यांना जोडणारी दातेरी चक्रे किंवा एकाच दिशेने पकड घेणारा क्लच झिजलेला आहे. अशा वेळी नवी मोटर मागविणे म्हणजे बैल धडधाकट असताना केवळ जू तुटले म्हणून बैल बदलण्यासारखे होय.

इंजिन संथपणे, कण्हत फिरले, तर उतरलेली बॅटरी, क्षारयुक्त टोके किंवा मोटरीतील झिजलेले ब्रश यांवर संशय घ्यावा.

दिवा लागतो, मग मोटर का फिरत नाही?

हा प्रश्न अनुभवी माणसांनाही चकवितो. मोटरीच्या टोकाला तपासणीचा दिवा लावला, तो लखलखीत पेटला, म्हणजे वीज येथपर्यंत पोचते. तरी मोटर फिरत नाही, अर्थात मोटर गेली, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

कारण गणिताने स्पष्ट होते. समजा, केबलच्या टोकावर क्षार साचून तेथे ०.०२ ओहम इतका रोध निर्माण झाला आहे. तपासणीचा तीन वॅटचा दिवा बारा व्होल्टवर पाव अँपिअर प्रवाह घेतो. पाव अँपिअरला या रोधातून जाताना केवळ ०.००५ व्होल्ट गमवावे लागतात. दिव्याला त्याची जाणीवही होत नाही. परंतु मोटरीने १०० अँपिअर मागितले, तर त्याच रोधावर दोन व्होल्ट नष्ट होतात. असे दोन-तीन सांधे असले तर मोटरीच्या वाट्याला इंजिन फिरविण्याइतके व्होल्टेज उरतच नाही. पाटाच्या पाण्याला एखाद्या ठिकाणी गाळाने अडविले तरी तांब्या भरून घेण्यास अडचण पडत नाही. शेत भिजवावयाचे झाले म्हणजे मग गाळ कळतो. दिवा हा तांब्या आहे आणि मोटर हे शेत आहे.

यावरून तपासणीचे मुख्य तत्त्व निघते : मोठ्या वाटेची परीक्षा मोठा प्रवाह वाहत असतानाच, म्हणजे बटण दाबलेले असतानाच घ्यावी.

मीटरने करावयाच्या पाच चाचण्या

वाहन सपाट जागी उभे करून न्यूट्रलमध्ये ठेवावे आणि हातब्रेक लावावा. जागा मोकळ्या हवेची असावी. मल्टिमीटर एकदिश प्रवाहाच्या वीस व्होल्ट श्रेणीवर लावावा. एकाने बटण दाबावे व दुसऱ्याने मीटर वाचावा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद पुरेत.

पहिली चाचणी विसावलेल्या बॅटरीची. तासाभर चार्जिंग अथवा वापर नसलेली, पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखविते. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, आणि १२ च्या आसपास म्हणजे जेमतेम पाव भरलेली. अशी बॅटरी आधी चार्ज करावी; तोवर पुढील चाचण्यांना अर्थ नाही.

दुसरी चाचणी भाराखालील बॅटरीची. मीटरच्या तारा बॅटरीच्या शिशाच्या टोकांवरच टेकवाव्यात, पकडीवर नव्हे. बटण दाबले असता व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले, तर बॅटरी थकलेली आहे किंवा मोटर अवाजवी प्रवाह खेचीत आहे; चांगल्या बॅटरीने पुन्हा तपासावे. उलट व्होल्टेज बाराच्या वर स्थिर राहिले आणि मोटर हलली नाही, तर मोठा प्रवाह वाहतच नाही, वाट कोठेतरी तुटली आहे.

तिसरी चाचणी जाण्याच्या वाटेची. एक तार बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी मोटरीच्या टोकावर ठेवून बटण दाबावे. संपूर्ण वाटेवरची घट अर्ध्या व्होल्टहून कमी हवी. ती अधिक आढळली तर वाटेचे तुकडे करावेत : बॅटरी ते रिले, रिलेच्या दोन बोल्टांमध्ये, रिले ते मोटर. ज्या तुकड्यात घट अधिक, तेथे दोष. रिलेच्या दोन बोल्टांमध्ये बटण दाबण्यापूर्वी बारा व्होल्ट दिसतात, ते स्वाभाविक आहे. दाबल्यावर ते जवळजवळ शून्यावर आले पाहिजेत. ‘कट्’ आवाज होऊनही ते तसेच उच्च राहिले तर रिलेचे संपर्क जळलेले आहेत.

चौथी चाचणी परतीच्या वाटेची. एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी मोटरीच्या उघड्या धातूवर. बटण दाबले असता ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक घट नसावी. समुद्रकिनारी वापरल्या जाणाऱ्या वाहनांत दोष बहुधा येथेच दडलेला असतो. खारी हवा आणि ओली वाळू चौकटीवरील अर्थिंगचा सांधा गंजवून टाकते.

पाचवी चाचणी हा निकाल होय. मीटरची एक तार मोटरीच्या टोकावर आणि दुसरी मोटरीच्या अंगावर ठेवून बटण दाबावे. येथे दहा व्होल्ट किंवा अधिक मिळत असूनही मोटर फिरत नसेल, आणि इंजिन मोकळे असेल, तरच मोटर दोषी ठरते.

इंजिन मोकळे असल्याची खात्री अशी करावी. स्पार्क प्लग काढून, दोरी असल्यास दोरीने, अन्यथा क्रँकच्या टोकावरील बोल्टाला पाना लावून, फिरण्याच्या दिशेने इंजिन हाताने फिरवावे. खोल पाण्यातून गेलेल्या वाहनाच्या सिलिंडरमध्ये कधी कधी पाणी शिरते. पाणी दाबले जात नाही. अशा इंजिनावर बळेच सेल्फ मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याचा संभव असतो. पाण्यात बुडालेल्या वाहनाचे बटण प्लग काढून पाहिल्यावाचून दाबू नये.

स्क्रू ड्रायव्हरने रिलेचे दोन्ही बोल्ट जोडून ठिणगी पाडण्याची सवय मात्र सर्वथा टाळावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, जवळच पेट्रोलची टाकी असते, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ती माणसाच्या अंगावर येते.

मोटर उतरविणे आणि तपासणे

बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे आणि शेवटी जोडावे. धन टोक आधी सोडताना पाना चौकटीला लागला, तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून रिकामी होऊ पाहते. ऋण टोक आधी सुटलेले असेल तर हा धोका उरत नाही.

मोटरीच्या टोकावर दोन नट असतात. केबलचा बाहेरचा नट सोडताना आतील नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा. तो न धरल्यास संपूर्ण बोल्ट फिरतो, आतील ब्रशची तार पिळवटते आणि चांगली मोटरही येथे कायमची बिघडते. त्यानंतर मोटर धरून ठेवणारे, बहुधा दोन, बोल्ट काढून ती सरळ मागे ओढावी. नाकाशी असलेली रबरी रिंग तेल अडविते. रिंग घट्ट बसली असल्यास मोटर हलकेच फिरवीत काढावी. हातोडा मारू नये. या लहान मोटरींत आत चुंबक चिकटविलेले असतात, ते आघाताने तडकतात.

मोटर उघडण्यापूर्वी आवरणाच्या सांध्यांवर खुणा कराव्यात आणि दांड्यावरील वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. मग चार गोष्टी पाहाव्यात. कार्बन ब्रशची लांबी निर्मात्याने दिलेल्या मर्यादेहून कमी नसावी आणि त्यांच्या स्प्रिंगा जोरकस असाव्यात. दिक्परिवर्तकाच्या तांब्याच्या पट्ट्या स्वच्छ असाव्यात. त्यांमधील खाचा काळ्या भुकटीने भरल्या असल्यास साफ कराव्यात. एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत वीज वाहिली पाहिजे, मात्र पट्टी आणि दांडा यांमध्ये ती मुळीच वाहता कामा नये. शेवटी दांड्याच्या दोन्ही टोकांचे बेअरिंग किंवा बुश ढिले नाहीत हे पाहावे. केवळ ब्रश झिजले असतील तर ब्रशचा संच बदलून मोटर पुन्हा कामाला लागते. पट्ट्या जळाल्या किंवा वेष्टन दांड्याला मिळाले असेल तरच नवी मोटर घ्यावी.

मोटर जमिनीवर ठेवून बॅटरीला जोडली असता फिरली, एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. भार नसलेली मोटर थोड्याच प्रवाहावर फिरते. दिव्याच्या उदाहरणातील चूक येथेही होऊ शकते. फिरली नाही तर मात्र ती निश्चित निकामी.

नवी मोटर बसविणे

जुनी आणि नवी मोटर शेजारी ठेवून दातांची संख्या, नाकाची लांबी, बोल्टांतील अंतर आणि फिरण्याची दिशा जुळवून पाहावी. एक दात कमी-अधिक असला तरी इंजिनातील चक्र खराब होते. बसविण्याची जागा आणि मोटरीचे कान धातू चमकेपर्यंत स्वच्छ करावेत. वीज याच जागेतून परतते, म्हणून तेथे रंग वा गंज राहू देऊ नये. रबरी रिंग नवी वापरून तिला तेल लावावे, मोटर हाताच्या दाबाने सरकवावी, आणि बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या ताणाने आवळावेत. केबल जोडताना आतील नट पुन्हा धरावा. रबरी टोपण बसवून, बॅटरीचे धन टोक आधी व ऋण टोक नंतर जोडावे.

यानंतर तिसरी व चौथी चाचणी पुन्हा घ्यावी. जुन्या मोटरीचा जीव ज्या गंजक्या सांध्याने घेतला, तो सांधा तसाच राहिला तर नव्या मोटरीचे आयुष्यही तितकेच.

नोंद आणि निगा

खाऱ्या पाण्यातून किंवा चिखलातून आलेले वाहन गोड्या पाण्याने धुवावे. मात्र पाण्याचा जोराचा झोत मोटर आणि रिले यांवर मारू नये. महिन्यातून एकदा बॅटरीची टोके स्वच्छ करून त्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. वाहन उभे राहणार असेल तर बॅटरी भरून ठेवावी. वाहनाच्या नोंदवहीत बॅटरीचे विसावलेले व भाराखालील व्होल्टेज आणि दोन्ही वाटांवरील घट हे चार आकडे दर तीन महिन्यांनी लिहून ठेवावेत. मागणीपत्रासोबत हे आकडे आणि पाचव्या चाचणीचा निकाल जोडलेला असला, तर मंजुरी देणाऱ्यालाही विचार करण्यास आधार मिळतो आणि ‘सेल्फ गेला’ या दोन शब्दांवर खर्च करण्याची वेळ येत नाही.

ही सारी तपासणी सरावाने पाऊण तासात होते. एक मल्टिमीटर, दोन पाने आणि काचकागदाचा एक तुकडा यांपलीकडे तिला काही लागत नाही. त्या पाऊण तासाच्या अखेरीस मोटर बदलावीच लागली, तर ती निःशंकपणे बदलावी. आणि सांधा घासून वाहन सुरू झाले, तर नव्या मोटरीचा पैसा वाचला आणि वाहन त्याच दिवशी कामावर गेले.